दारावरची एक थाप आणि २११ वा भाग : 'डार्क शॅडोज'च्या एकेका भागावर एवढी चर्चा का होते?

साठ वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन मालिकेचे चाहते एकत्र जमले, की त्यांच्या बोलण्यात पात्रांच्या नावांइतकेच आकडेही येतात. २१० वा भाग, ३६५ वा भाग, ४०५ वा भाग, आणि आवाज थोडा खाली आणून उच्चारला जाणारा १२१९ वा भाग. जेमतेम बावीस मिनिटांच्या एका भागावर ही मंडळी दोन-दोन तास बोलत बसतात. कोणत्या प्रसंगी कोणत्या नटाने कुठे पाहिले, मेणबत्ती कोणत्या हातात होती, आदल्या दिवशीच्या भागात हेच वाक्य कसे म्हटले होते, अशा गोष्टींवर त्यांचे एकमत होत नाही आणि व्हावे अशी त्यांची इच्छाही दिसत नाही. मालिकेचे नाव 'डार्क शॅडोज'. तिचे जुने भाग आता घरबसल्या पाहता येत असल्यामुळे आपल्याकडेही अनेक जण कुतूहलाने एखादा भाग लावून पाहतात. कृष्णधवल चित्र, हलणारी भिंत, संथ संवाद असे सगळे पाहिल्यावर या मालिकेत एवढे बोलण्यासारखे काय आहे, हा प्रश्न त्यांना पडतो. मला स्वतःला या मालिकेने अनेक वर्षे धरून ठेवले आहे, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर अगदी पायापासून द्यावेसे वाटते.

आधी दोन शब्दांचे अर्थ

'सोप ऑपेरा' हा शब्द अमेरिकेतल्या रेडिओच्या काळातला आहे. दुपारच्या वेळी घरी असणाऱ्या स्त्रियांसाठी रोज पंधरा-वीस मिनिटांची कौटुंबिक कथा ऐकवली जाई आणि तिचा खर्च साबण बनवणाऱ्या कंपन्या जाहिरातींच्या बदल्यात उचलत. त्या साबणावरून हे नाव पडले. आपण ज्याला 'डेली सोप' किंवा नुसते 'सीरियल' म्हणतो, त्याचे मूळ इथे आहे. तिची मुख्य खूण अशी, की ती संपण्यासाठी लिहिलेली नसते. प्रेक्षक आहेत तोवर कथा पुढे जात राहते.

'गॉथिक' हे मुळात युरोपातल्या मध्ययुगीन उंच, टोकदार कमानींच्या वास्तुशैलीचे नाव. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये अशा जुन्या, पडक्या वास्तूंमध्ये घडणाऱ्या भयकथा लिहिल्या जाऊ लागल्या आणि ते नाव कथांनाही लागले. मोठे घर, त्यातली कुलूपबंद खोली, भिंतीवरची पूर्वजाची तसबीर, नव्याने त्या घरात आलेली एकटी तरुणी आणि कुणीही मोठ्याने न बोलण्याजोगे घराण्याचे एखादे पाप, एवढी सामग्री असली की गॉथिक कथा उभी राहते. ज्यांच्या गावाकडच्या वाड्यात माडीवरची एक खोली वर्षानुवर्षे उघडली गेली नाही आणि का उघडली गेली नाही हे लहान मुलांना कधी सांगितले गेले नाही, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पूर्वजांनी केलेले नातवंडा-पतवंडांनी फेडायचे, हा त्याचा गाभा आहे.

'डार्क शॅडोज'ने हे दोन प्रकार एकत्र आणले: रोज चालणारी, न संपणारी कथा आणि भूतकाळ ज्याचा पिच्छा सोडत नाही असे घर. पुढची सगळी गंमत आणि सगळी अडचण या जोडीतून येते.

स्वप्नातली आगगाडी

निर्माते डॅन कर्टिस यांना १९६५ साली एक स्वप्न पडले, त्यात एक तरुणी आगगाडीतून अनोळखी ठिकाणी निघाली होती, अशी या मालिकेच्या जन्माची कथा ते स्वतः सांगत. २७ जून १९६६ रोजी एबीसी वाहिनीवर पहिला भाग दाखवला गेला आणि त्याची सुरुवातही आगगाडीतल्या तरुणीपासूनच झाली. व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथाश्रमात वाढलेली मुलगी मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट नावाच्या कल्पित बंदरगावी, कॉलिनवूड नावाच्या प्रचंड घरात, डेव्हिड या लहान मुलाची शिक्षिका म्हणून येते. घराची मालकीण एलिझाबेथ अठरा वर्षे घराबाहेर पडलेली नाही. ही भूमिका जोन बेनेट यांनी केली होती; हॉलिवूडच्या चित्रपटांत नायिका म्हणून गाजलेली अभिनेत्री दुपारच्या मालिकेत यावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पहिले काही महिने घरात भूत आहे की नाही याबद्दल नुसता संशय ठेवला होता. ७० व्या भागात जुन्या, ओसाड घरातल्या तसबिरीतून जोझेट नावाच्या स्त्रीची आकृती खाली उतरते आणि बाहेरच्या खांबांमधून फिरते, तेव्हा तो संशय संपला. तरीही प्रेक्षकसंख्या बेताचीच होती आणि मालिका बंद पडण्याची चिन्हे होती. मग एप्रिल १९६७ मध्ये बार्नाबस कॉलिन्स आला. तो व्हॅम्पायर आहे, म्हणजे मेल्यानंतरही न मेलेला, दिवसा शवपेटीत निजणारा आणि रात्री माणसांच्या रक्तावर जगणारा. हे पात्र थोड्या आठवड्यांसाठी आणून मारून टाकायचे, असा कर्टिस यांचा बेत होता. प्रेक्षकांनी तो बेत मोडला. शाळा सुटल्यावर धावत घरी येऊन मालिका पाहणारी मुले हा तिचा नवा प्रेक्षकवर्ग बनला आणि २ एप्रिल १९७१ पर्यंत ती चालली.

एक भाग कसा तयार होई

भागावरची चर्चा समजून घ्यायची, तर तो भाग कसा बनत असे हे आधी समजले पाहिजे. आजच्या प्रेक्षकाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

आजची मालिका तुकड्यातुकड्यांनी चित्रित होते. एक वाक्य चुकले तर ते पुन्हा घेतात, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तुकडे संगणकावर जोडतात. 'डार्क शॅडोज'च्या काळात चित्रफीत दोन इंच रुंद होती, ती महाग होती आणि ती कापून जोडणे हे वेळखाऊ, खर्चिक काम होते. म्हणून न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या स्टुडिओत सकाळी तालीम करून दिवसाच्या उत्तरार्धात अख्खा भाग सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग ध्वनिचित्रमुद्रित करत. जाहिरातींसाठी सोडलेल्या जागाही तेवढ्याच वेळाच्या ठेवत आणि त्या मिनिटा-दीड मिनिटात नट एका खोलीच्या देखाव्यातून दुसऱ्यात धावत जात. फार मोठी चूक झाली तरच थांबत. दुसऱ्या दिवशी दुसरा भाग, तिसऱ्या दिवशी तिसरा, आठवड्याला पाच.

ज्यांनी मराठी नाटक विंगेतून पाहिले आहे, त्यांना हे लगेच कळेल. नाटकाच्या प्रयोगात वाक्य विसरले, तर समोरचा नट सांभाळून घेतो. दार उघडले नाही, तर खिडकीशी जाऊन बोलतो. पडदा पडेपर्यंत थांबता येत नाही. 'डार्क शॅडोज'चा प्रत्येक भाग हा असा एक प्रयोग आहे. फरक एवढाच, की नाटकाचा प्रयोग दुसऱ्या दिवशी सुधारता येतो. इथे प्रत्येक प्रयोग पहिला आणि शेवटचा होता आणि तो फितीवर कायमचा राहिला.

या पद्धतीची सर्वांत सुंदर खूण चाहते नवख्यांना मुद्दाम दाखवतात. प्रत्येक भागाच्या आरंभी आदल्या भागाचा शेवटचा प्रसंग पुन्हा दिसतो. आपण समजतो की जुनाच तुकडा जोडला असेल. बऱ्याचदा तसे नसते. नटांनी तो प्रसंग दुसऱ्या दिवशी नव्याने केलेला असतो. त्यामुळे काल किंचाळलेली स्त्री आज नुसती मागे सरकते, काल रागाने म्हटलेले वाक्य आज दुःखाने येते. एकाच क्षणाच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. दोन दिवसांत दिग्दर्शक बदललेला असतो, कधी लेखकही, आणि त्यांनी त्या प्रसंगाचा अर्थ कसा लावला हे या अर्ध्या मिनिटात उघड दिसते. मला विचाराल तर, भागागणिक चर्चा करण्याचे समर्थन एवढ्या एका गोष्टीनेही होते.

मग चुका मोजण्यासाठीच पाहायचे का?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच निराधार नाही. ध्वनी टिपणाऱ्या लांब दांड्याच्या माइकची सावली भिंतीवरून सरकते, स्मशानातला दगड हात लागताच हलतो, कॅमेऱ्याच्या कडेला एखादा कामगार दिसून जातो, बंद केलेले दार आपोआप उघडते. अशा प्रसंगांचे संकलन करून हसणारे प्रेक्षक आहेत आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

पण बराच काळ पाहणाऱ्या माणसाची नजर हळूहळू बदलते. जोनाथन फ्रिड यांचेच पाहा. बार्नाबसची भूमिका करणारे फ्रिड हे कॅनडातल्या हॅमिल्टनचे, रंगभूमीवर शेक्सपिअर केलेले नट. रोज नवी संहिता पाठ करणे त्यांना जड जाई आणि ते समोरच्या टेलिप्रॉम्प्टरवर, म्हणजे वाक्ये सरकवत दाखवणाऱ्या यंत्रावर, वरचेवर नजर टाकत. पडद्यावर काय दिसते? समोरच्या माणसाच्या डोळ्यांत न बघता कुठेतरी दूर पाहणारा, शब्दासाठी अडखळणारा, स्वतःच्याच घरात परका असलेला एक माणूस. दीडशे-पावणेदोनशे वर्षे पेटीत बंद राहून बाहेर आलेला, खोटी ओळख सांगून आपल्याच वंशजांसमोर बसलेला माणूस असाच बोलेल. नटाची धास्ती आणि पात्राची धास्ती इथे इतकी मिसळली आहे, की वेगळी करता येत नाही. राक्षस म्हणून आणलेल्या पात्राबद्दल प्रेक्षकांना कणव का वाटली, याची कारणे लेखनात आहेत तशी या अडखळण्यातही आहेत, असे माझे मत आहे.

२११ व्या भागात घडते काय?

आता एक भाग जवळून पाहू. आधीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी, की एलिझाबेथला धमकावून घरात ठाण मांडलेल्या जेसन मॅग्वायर नावाच्या माणसाचा साथीदार विली लूमिस याची नजर कॉलिन्स घराण्याच्या पूर्वजांबरोबर पुरल्या गेलेल्या दागिन्यांवर पडते. दिवाणखान्याबाहेरच्या दालनातल्या बार्नाबसच्या तसबिरीसमोर तो उभा राहतो, तेव्हा त्याला हृदयाचे ठोके ऐकू येतात. २१० व्या भागाच्या शेवटी तो घराण्याच्या समाधिगृहातल्या गुप्त खोलीत साखळदंडांनी बांधलेली शवपेटी उघडतो. आतून हात येतो आणि त्याचा गळा धरतो.

आजच्या सवयीने आपण अपेक्षा करतो, की पुढचा भाग तिथूनच भरधाव निघेल. १८ एप्रिल १९६७ रोजी दाखवलेला २११ वा भाग तसे काहीच करत नाही. विली नाहीसा झाला आहे, तो गेला कुठे याची चौकशी चालू आहे, माणसे बोलत आहेत. पेटीतून काय बाहेर आले हे घरातल्या कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक आहे ते फक्त आपल्याला. सगळा भाग या अंतरावर उभा आहे. शेवटी दारावर थाप पडते. घरकाम पाहणाऱ्या मिसेस जॉन्सन दार उघडतात. बाहेर खांद्यावर केप घेतलेला, हातात काठी असलेला, अत्यंत अदबीने बोलणारा एक गृहस्थ उभा आहे. मालकीणबाईंना सांगा, इंग्लंडहून त्यांचा नातेवाईक बार्नाबस कॉलिन्स आला आहे, एवढेच तो म्हणतो. मिसेस जॉन्सन आत निरोप द्यायला जातात. तो दालनात येतो, घराकडे पाहतो आणि तसबिरीजवळ उभा राहतो. तसबिरीतला चेहरा आणि त्याचा चेहरा एकच आहे.

चाहते इथे तासभर का थांबतात, ते आता सांगता येईल. दात नाहीत, रक्त नाही, किंकाळी नाही. पाहुणा दारात आला की त्याला आत घ्यायचे, ही कोणत्याही सभ्य घराची रीत. भय त्या रीतीतूनच आत शिरते. 'व्हॅम्पायर' हा शब्द तर पुढे कित्येक महिने मालिकेत कुणी उच्चारत नाही. शिवाय ज्या घरात तो पाहुणा म्हणून उभा आहे, ते त्याच्याच घराण्याचे आहे. घरातल्या माणसांपेक्षा त्या घराण्याशी त्याचे नाते जुने आहे आणि तरी त्याला दारावर थाप मारून आत येण्याची परवानगी मागावी लागते. हे एवढे सगळे त्या दिवशी लिहिणाऱ्याच्या मनात होते का, असा प्रश्न विचारता येईल. रोज एक भाग लिहिणाऱ्याला कदाचित इतका विचार करायला उसंतही नसेल. पण प्रसंग पडद्यावर आहे आणि तो हे सगळे पेलतो.

तेच चेहरे, वेगळी माणसे

नोव्हेंबर १९६७ मध्ये मालिकेने जे धाडस केले, ते दुपारच्या कौटुंबिक मालिकेत तोवर कुणी केलेले नव्हते. ३६५ व्या भागात कॉलिनवूडमध्ये मृतात्म्याला बोलावण्यासाठी मंडळी टेबलाभोवती हाताला हात लावून बसतात. दिवे जातात. परत येतात, तेव्हा व्हिक्टोरियाच्या जागी दुसरीच एक स्त्री आहे आणि व्हिक्टोरिया १७९५ सालात जाऊन पोचली आहे. त्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ, आठवड्याचे पाचही दिवस, मालिका अठराव्या शतकातच राहिली.

जुन्या काळातही नट तेच होते. १९६७ ची एलिझाबेथ म्हणजे जोन बेनेट आता बार्नाबसची आई. तिचा भाऊ रॉजर साकारणारे लुई एडमंड्स आता बार्नाबसचे कठोर वडील. गावातल्या उपाहारगृहात काम करणारी मॅगी म्हणजे कॅथरिन ली स्कॉट आता जोझेट. व्हिक्टोरियाला हे चेहरे ओळखीचे वाटतात, पण समोरच्यांना ती परकी. आणि बार्नाबस तिला भेटतो तो जिवंत, हसतमुख, लग्न ठरलेला तरुण म्हणून. नाटकाच्या शतकानुशतकांच्या इतिहासातही सहज न सापडणारी ही स्थिती आहे: ज्याला आपण पिशाच्च म्हणून ओळखतो तो माणूस होता तेव्हाचे दिवस रोज दुपारी पाहायचे, आणि त्याचे काय होणार हे त्याच्याखेरीज आपल्या सर्वांना माहीत.

मराठी प्रेक्षकाला याच्या अगदी जवळचा अनुभव आहे. 'रात्रीस खेळ चाले'च्या २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक यांच्या मृत्यूनंतरचे घर दिसले आणि २०१९ च्या दुसऱ्या पर्वात मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवले गेले. शेवट ठाऊक असूनही लोक रोज ते पाहत होते, याचे कारण शेवट ठाऊक असल्यावर प्रत्येक साध्या प्रसंगाला वेगळे वजन येते. कीर्तनातल्या आख्यानाचा शेवट कोणत्या श्रोत्याला ठाऊक नसतो?

जानेवारी १९६८ मधल्या, शुक्रवारी आलेल्या ४०५ व्या भागात ते वजन पुरते खाली येते. अँजेलिक ही जोझेटची दासी; ती चेटकीण आहे आणि बार्नाबसवर तिचे प्रेम आहे. तिची कारस्थाने कळल्यावर बार्नाबस तिच्यावर गोळी झाडतो. कोसळताना ती त्याला शाप देते, की त्याला कधी विश्रांती मिळणार नाही आणि जो कोणी त्याच्यावर प्रेम करील तो मरेल. मग वटवाघूळ येते. या भागावर वाद होतो तो अँजेलिकवरून. लारा पार्कर यांनी ही भूमिका अशी केली आहे, की द्वेषाच्या त्या क्षणीही तिचे प्रेम संपलेले दिसत नाही. एका बाजूचे चाहते म्हणतात, सगळे अनर्थ तिने केले. दुसरी बाजू दाखवून देते, की मार्टिनिक बेटावर असताना बार्नाबसनेच तिच्याशी संबंध ठेवले आणि मग श्रीमंत घरची जोझेट निवडून दासीला दासीच्या जागी परत पाठवले. घराण्याचे पाप म्हणजे नेमके कोणते, याचे उत्तर कोणत्या बाजूने पाहता यावर ठरते. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

मागाहून बदललेला इतिहास

इथे एक गंभीर आक्षेप येतो: जी मालिका स्वतःचेच आधीचे भाग विसरते, तिचा इतका बारकाईने विचार का करायचा?

विसरते हे खरे आहे. सुरुवातीच्या भागांत जोझेट पॅरिसहून आलेली आहे आणि तिचा काळ १८३० च्या दशकाच्या आसपासचा सांगितला जातो; १७९५ च्या कथेत ती मार्टिनिकहून येते आणि काळ तर चाळीस वर्षे मागे गेलेला आहे. १९६७ साली बार्नाबस जोझेटच्या मृत्यूची जी हकिकत सांगतो, ती आणि पुढे प्रत्यक्ष दाखवलेला तिचा मृत्यू यांत फरक आहे; कड्यावरून तिने घेतलेली उडी तेवढी कायम आहे. चालू कथेला सोयीचे व्हावे म्हणून आधी सांगितलेली गोष्ट मागाहून अशी बदलणे दैनंदिन मालिकांत सर्रास चालते. लेखक बदलतात, नवी कल्पना जुनीपेक्षा चांगली असते आणि त्या काळी भाग एकदा दाखवला गेला की प्रेक्षकाला तो परत पाहण्याची सोयच नव्हती, त्यामुळे कुणी पडताळून पाहील अशी भीतीही नव्हती.

आता सगळे भाग हाताशी आहेत, त्यामुळे विसंगती डोळ्यांत भरते. पण तिच्याकडे पाहण्याची एक रीत चाहत्यांनी घडवली आहे आणि ती मला पटते. बार्नाबसने सांगितलेली हकिकत खोटी ठरते, तर ती त्याने खोटी का सांगितली असेल? जिच्यावर प्रेम केले तिच्या मृत्यूला आपण कारण झालो, हे पेलवत नसलेला माणूस ती गोष्ट अशीच बदलून सांगणार नाही का? कुठल्याही जुन्या घरात एकाच मृत्यूच्या तीन हकिकती ऐकायला मिळतात आणि प्रत्येक हकिकत सांगणाऱ्याला कुठेतरी वाचवते. लेखकाची चूक पात्राच्या स्वभावात मुरवून घेण्याचा हा मार्ग प्रत्येक ठिकाणी चालत नाही. काही चुका निव्वळ चुका आहेत आणि तसे म्हणण्याचा प्रामाणिकपणा चांगल्या चर्चेत असतो.

एवढी संथ कथा सोसायची कशी?

१९६८ च्या उन्हाळ्यातली 'स्वप्नाच्या शापा'ची कथा हे याचे सर्वांत कठीण उदाहरण. एकाला भयानक स्वप्न पडते. ते दुसऱ्या विशिष्ट माणसाला सांगितल्याशिवाय सुटका नाही. सांगितले की तेच स्वप्न त्या दुसऱ्याला पडते, आणि अशी साखळी बार्नाबसपर्यंत पोचायची. तेच दालन, तीच दारे, थोडा फरक करून पुन्हा पुन्हा. सलग पाहायला बसलेला माणूस इथे हमखास कंटाळतो.

पण हे भाग सलग पाहण्यासाठी केलेलेच नव्हते. दिवसाला एक, मध्ये शनिवार-रविवारची सुट्टी, आणि एखादा दिवस चुकला तरी धागा सुटू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली पुनरुक्ती. लोणच्याची बरणी जेवणासारखी एका बैठकीत संपवायला घेतली, तर दोष लोणच्याचा नाही. एकूण १२२५ भाग आहेत. रोज एक पाहिला तर साडेतीन वर्षांच्या आत-बाहेर लागतात. त्या गतीने पाहिल्यावर पात्रे शेजाऱ्यांसारखी होतात आणि बार्नाबसवर उपचार करणाऱ्या डॉक्टर ज्युलिया हॉफमनने, म्हणजे ग्रेसन हॉल यांनी, बार्नाबसकडे पाहून मान किंचित वळवली एवढ्यानेही काहीतरी घडल्यासारखे वाटते.

आकडे जुळत का नाहीत?

भाग १२२५ असताना शेवटच्या भागाचा क्रमांक १२४५ कसा, हा प्रश्न नवखे नेहमी विचारतात. सणाच्या दिवशी किंवा मोठ्या बातमीमुळे मालिका दाखवली गेली नाही, तर तो क्रमांक गाळून पुढे जात. पुढल्या काळात शुक्रवारच्या भागाच्या क्रमांकाला पाचाने भाग जावा अशी सोय ठेवली होती. म्हणून क्रमांक पाहून वार सांगता येतो, आणि शुक्रवारी काहीतरी टांगते ठेवून प्रेक्षकाला सोमवारपर्यंत थांबवायचे असल्यामुळे ४०५ सारखे मोठे प्रसंग कुठे असतील याचा अंदाजही बांधता येतो.

चित्र नसलेला भाग

त्या काळी वाहिन्या महागड्या फिती पुसून पुन्हा वापरत, त्यामुळे अनेक जुन्या दैनंदिन मालिकांचे भाग कायमचे गेले. 'डार्क शॅडोज' जवळजवळ संपूर्ण टिकली, हे भाग्य विरळा. २९५ व्या भागापासून मालिका रंगीत झाली, तरी त्यापुढचे काही भाग आज कृष्णधवलच आहेत, कारण त्यांची मूळ रंगीत फीत उरलेली नाही. पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून केलेली प्रत तेवढी हाती लागली.

आणि एका भागाचे तर चित्रच उरले नाही: फेब्रुवारी १९७१ मधला १२१९ वा. तो ऐकता येतो, याचे कारण दूरचित्रवाणीवर भाग चालू असताना त्याचा आवाज कुणीतरी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. घरोघरी व्हिडिओ यंत्रे येण्याला अजून अवकाश होता. आवडता भाग जवळ ठेवायचा, तर आवाज टिपणे हाच सामान्य प्रेक्षकाच्या हातातला उपाय होता. पुढे तो आवाज घेऊन, त्याला स्थिरचित्रांची आणि लारा पार्कर यांच्या निवेदनाची जोड देऊन भागाची पुनर्रचना झाली आणि मालिकेच्या संचात त्याला जागा मिळाली.

या भागावर चर्चा करताना लोक डोळे मिटून बसतात, हे मी पाहिले आहे. पावले लाकडी जमिनीवर आहेत की जिन्यावर, दार कोणत्या बाजूचे वाजले, बोलणारा उभा आहे की बसलेला, हे आवाजावरून ठरवावे लागते आणि ते ठरवता येते, कारण आधीच्या हजाराहून अधिक भागांमुळे त्या घराचा नकाशा त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. कॉलिनवूडचे दालन स्टुडिओतल्या तीन भिंतींचे होते; चौथी भिंत कधी नव्हतीच. ऐकणाऱ्यांना मात्र ती कुठे आहे हे माहीत आहे.

सुरुवात कुठून करावी?

पुनर्प्रक्षेपणात मालिका अनेक ठिकाणी थेट बार्नाबसच्या आगमनापासून दाखवली गेली, त्यामुळे पहिले दोनशेहून अधिक भाग कितीतरी चाहत्यांनी फार उशिरा पाहिले. घाईत असलेल्याने २१० पासून सुरू करायला हरकत नाही. सवड असेल, तर मी पहिल्या भागापासून पाहायला सांगेन. त्या भागांत समुद्राचा आवाज आहे, रॉबर्ट कोबर्ट यांचे एकाकी संगीत आहे, आणि दालनातले ते दार वेगवेगळी माणसे शेकडो वेळा उघडतात नि लावतात. एवढे सगळे पाहून झाल्यावर एक दिवस त्या दारावर थाप पडते आणि मिसेस जॉन्सन ते उघडायला जातात.